कुंडीतली चिलटं मुळापासून कशी घालवायची

संध्याकाळी दिवा लागला की खिडकीच्या काचेवर आणि टीव्हीच्या पडद्यावर बारीक काळी चिलटं येऊन बसतात. तुळशीला पाणी घालायला गेलात की मातीवरून पाच-दहा उठतात, थोडं भिरभिरून पुन्हा तिथेच बसतात. बहुतेक घरांत मग फवाऱ्याची बाटली निघते. दोन दिवस शांतता होते आणि तिसऱ्या दिवशी चिलटं परत हजर असतात. उडणारं चिलट तसंही आठवडा-दहा दिवसच जगतं. तेवढ्यात मादी शंभर-दीडशे अंडी मातीत घालून मोकळी होते. म्हणून हे काम हवेत करायचं नाही, कुंडीच्या वरच्या दोन इंच मातीत करायचं. ते चार आठवडे नेटाने चालवलं तर चिलटं बहुधा जातात.

१. आधी ओळख पटवा

जळगाव-भुसावळकडे घरात केळीचा घड टांगलेला असतोच, त्यामुळे पहिली गल्लत फळमाशीशी होते. फळमाशी तपकिरी आणि जाडसर असते. तिचे डोळे लाल असतात आणि ती पिकल्या केळ्याभोवती किंवा कचऱ्याच्या डब्याभोवती घोटाळते. मातीतलं चिलट दोन ते चार मिलिमीटरचं, काळपट, सडपातळ, लांब पायांचं, एखाद्या पिटुकल्या डासासारखं दिसतं. ते चावत नाही. त्याला नीट उडताही येत नाही, मातीवर आणि कुंडीच्या काठावर ते जास्त धावतं. न्हाणीघराच्या भिंतीवर बसणारी, पंख केसाळ असलेली पतंगासारखी माशी असेल तर ती मोरीची माशी. तिचा कुंडीशी संबंध नाही, मोरीचा पाइप घासा. पाणी घातल्यावर मातीवर टणाटण उड्या मारणारे पांढुरके ठिपके दिसले तर तेही वेगळे किडे आहेत आणि ते झाडाला काही करत नाहीत.

खात्री करायची तर बटाटा वापरा. कच्च्या बटाट्याची एक सेंटिमीटर जाडीची चकती कापा, मातीवर दाबून बसवा आणि दोन दिवस तशीच ठेवा. तिसऱ्या दिवशी सकाळी चकती उलटी करून मोबाइलचा टॉर्च आडवा धरा. अळ्या असतील तर बटाट्याच्या ओल्या बाजूला बारीक शेवईच्या तुकड्यासारखं काहीतरी वळवळताना दिसेल. अंग काचेसारखं आरपार, लांबी जास्तीत जास्त पाच-सहा मिलिमीटर, आत पोटातल्या खाल्लेल्या मातीची काळी रेघ आणि पुढे सुईच्या टोकाएवढं चकचकीत काळं डोकं. हे काळं डोकं दिसलं की शंका उरत नाही. डोकं नसलेली, दोन्ही टोकांना निमुळती अळी असेल तर ती दुसऱ्या कुठल्या तरी माशीची.

प्रत्येक कुंडीत एकेक चकती ठेवा आणि कोणत्या कुंडीत किती अळ्या निघाल्या ते लिहून ठेवा. वीस कुंड्यांपैकी तीन-चारच खऱ्या उगमाच्या असतात, बाकीच्यांवर चिलटं फक्त येऊन-जाऊन असतात. औषध आणि मेहनत त्या तीन-चार कुंड्यांवर घाला. चकत्या मात्र चौथ्या दिवसापर्यंत उचला आणि अळ्यांसकट उकळत्या पाण्यात टाका. मातीतच विसरल्या तर त्याच बटाट्यावर पुढची पिढी पोसते.

२. चार आठवडेच का

अंड्यातून अळी साधारण चार ते सहा दिवसांत निघते. अळी दोन आठवड्यांच्या आसपास मातीत खाते, मग चार-पाच दिवस कोशात जाते आणि त्यानंतर चिलट बाहेर पडतं. म्हणजे एक फेरा तीन ते चार आठवड्यांचा आहे, उबदार खोलीत थोडा लवकर आणि थंडीत थोडा लांबणारा. तुम्ही कोणतंही औषध घातलं तरी ते अळीला लागतं, अंड्याला आणि कोशाला सहसा लागत नाही. एकदाच औषध घालून थांबणाऱ्यांची फसगत इथेच होते. पहिल्या आठवड्यात औषधातून सुटलेली अंडी दुसऱ्या आठवड्यात अळ्या होतात आणि तेव्हा त्यांना पुन्हा गाठावं लागतं.

अळीचं मुख्य अन्न म्हणजे ओल्या मातीतली बुरशी, शेवाळ आणि कुजणारा पाचोळा. ते कमी पडलं किंवा अळ्या फार झाल्या की त्या कोवळ्या तंतुमुळांवर येतात. मोठ्या जास्वंदीला किंवा कढीपत्त्याला ते फारसं जाणवत नाही. पण ट्रेमध्ये लावलेली मिरचीची, टोमॅटोची, भरताच्या वांग्याची रोपं असतील तर हयगय करू नका. कुरतडलेल्या मुळातून बुरशी शिरते, रोप मातीलगत मऊ पडून आडवं होतं आणि दोन-तीन दिवसांत निम्मा ट्रे कोलमडतो. खोडाचे तुकडे लावून नवी रोपं करत असाल तर तिथेही हाच धोका आहे.

३. काय काय लागेल

- पिवळे चिकट सापळे. आपल्याकडे कपाशीवरच्या पांढऱ्या माशीसाठी ते कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात. मोठा सापळा कापून आठ-दहा तुकडे होतात.
- दोन-तीन कच्चे बटाटे
- कुंडी बुडेल एवढी परात किंवा टब
- बांबूची किंवा आइस्क्रीमची सपाट काडी, ओल बघण्यासाठी
- पुढे दिलेल्या तीन औषधांपैकी एक
- मोजमापाचा कप आणि औषधासाठी वेगळी सिरिंज
- चाळून, धुऊन, उन्हात वाळवलेली जाडसर वाळू

४. पाणी तोडा

निम्मं काम या एका पायरीने होतं. अंडं आणि कोवळी अळी ओलाव्याशिवाय तगत नाही आणि तिचं अन्न असलेली बुरशीही कोरड्या मातीत वाढत नाही. वरचा दोन इंच थर दोन पाण्यांच्या मधे पूर्ण वाळला पाहिजे. बोट टेकवून वरची माती कोरडी लागते, पण तेवढ्यावर विसंबू नका. काडी दोन इंच खोल घाला, दहा मिनिटं ठेवा आणि बाहेर काढून बघा. काडी गडद झाली असेल किंवा तिला माती चिकटली असेल तर त्या दिवशी पाणी नाही.

स्नेक प्लांट, जेड, कोरफड, मनीप्लांट यांना हा ताण सहज सोसतो. पुदिना, फर्न आणि कोवळी रोपं याला तयार नसतात. त्यांना खालून पाणी द्या. परातीत दीड इंच पाणी घ्या, कुंडी त्यात वीस ते तीस मिनिटं ठेवा, मग उचलून पूर्ण निथळू द्या. मुळांपर्यंत ओल चढते आणि वरचा थर बराच कोरडा राहतो. अर्ध्या तासाहून जास्त ठेवली तर ओल वरपर्यंत येते आणि काही उपयोग राहत नाही.

कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी दर वेळी ओता. तळाच्या भोकातून बाहेर आलेली ओली माती चिलटांना तितकीच प्रिय असते. वरून सगळे उपाय केले आणि ताटली तशीच राहिली, असं फार घरांत होतं.

तुळशीचा प्रश्न वेगळा आहे. रोज सकाळी तिला पाणी घालायचंच असतं आणि ते कुणी थांबवावं असं मला वाटतही नाही. तांब्याऐवजी पळीने घाला. पळीभर पाणी रोज एकाच कडेला पडलं तर बाकीची माती कोरडी राहते. पोटभर पाणी काडी बघून, तिसऱ्या-चौथ्या दिवशी द्या. अंगणातल्या उन्हातल्या वृंदावनाला हा त्रास सहसा होत नाही. फ्लॅटच्या गॅलरीत, सावलीत ठेवलेल्या तुळशीला होतो.

खानदेशात आणखी एक अडचण आहे ती काळ्या मातीची. शेतातली माती चांगली म्हणून तीच आणून कुंडीत भरली जाते. कपाशीला जी माती ओल धरून ठेवते म्हणून सोन्यासारखी, तीच कुंडीत आठ-आठ दिवस चिकट ओली राहते. वाळली की तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून चिलट थेट खालच्या ओल्या थरापर्यंत जाऊन अंडी घालतं. काळी माती असलेल्या कुंडीत नुसतं पाणी तोडून भागत नाही. वरचा दोन इंच थर खुरप्याने मोकळा करा आणि भेगा बुजवत चला.

५. पिवळे सापळे लावा

सापळ्याचा तुकडा काडीला लावून मातीपासून एक-दोन इंचांवर, जमलं तर आडवा ठेवा. चिलटं जमिनीलगतच वावरतात, त्यामुळे फांद्यांत उंच टांगलेल्या सापळ्यावर फार थोडी येतात. सापळा मिळाला नाही तर पिवळ्या प्लास्टिकच्या फायलीचे तुकडे कापून त्यावर एरंडेल तेलाचा पातळ हात द्या. ते चार-पाच दिवसांनी पुन्हा लावावं लागतं.

सापळा माद्या पकडतो आणि तुम्हाला आकडा देतो. दर रविवारी तुकड्यावर अडकलेली चिलटं मोजून तारखेसह लिहा आणि तुकडा बदला. पहिल्या आठवड्यात आकडा वाढलेला दिसला तर घाबरू नका, मातीतले कोश फुटत असतात. तिसऱ्या आठवड्यात आकडा पडायला हवा. नुसत्या सापळ्यावर भिस्त ठेवू नका, कारण अळ्या खाली तशाच असतात.

व्हिनेगर आणि साबणाची वाटी फळमाशीसाठी उत्तम आहे. मातीतली चिलटं तिच्यात क्वचितच पडतात.

६. अळ्यांवर औषध

तिन्हींपैकी एकच निवडा. कोणतंही निवडलं तरी ते वरूनच घाला, कारण अळ्या वरच्या थरात असतात. खालून पाणी देण्याची सवय लागलेले लोक औषधही परातीत घालतात आणि मग गुण येत नाही. प्रमाण असं धरा: वरचा दोन इंच थर भिजण्यासाठी आठ इंची कुंडीला साधारण ३५० ते ४०० मिली, बारा इंची कुंडीला ८०० ते ९०० मिली द्रावण लागतं. तळातून धो-धो वाहायला लागलं म्हणजे जास्त झालं.

निंबोळी. आपल्याकडे हा सगळ्यात सोपा आणि स्वस्त मार्ग. कृषी केंद्रातलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबोळीतलं कीडनाशक द्रव्य, घेताना बाटलीवरचा पीपीएमचा, म्हणजे तीव्रतेचा, आकडा वाचा. १०,००० पीपीएम असेल तर लिटरला २ ते ३ मिली, १,५०० पीपीएम असेल तर लिटरला ५ मिली. अंदाजाने झाकणभर घालाल तर कोवळी मुळं भाजतील. घरी करायचं असेल तर जून-जुलैत पडलेल्या निंबोळ्या सावलीत वाळवून ठेवा. ५० ग्रॅम निंबोळ्यांची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा आणि पाणी घालून एक लिटर करा. तो ५ टक्के निंबोळी अर्क. त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी त्याचा जोर जातो. चोथा कुंडीत टाकू नका. निंबोळी अळीला लगेच मारत नाही, तिची कात टाकण्याची क्रिया बिघडवते. म्हणून परिणाम दिसायला आठ-दहा दिवस लागतात. दर सात दिवसांनी, चार वेळा.

बीटी इस्रायलेन्सिस. डासांच्या अळ्या मारण्यासाठी वापरला जाणारा हा जिवाणू चिलटांच्या अळ्यांवरही चालतो आणि माणसाला, मांजराला, गांडुळाला काही करत नाही. इथे होणारी एक गफलत नीट लक्षात घ्या. कृषी केंद्रात “बीटी द्या” म्हटलं की बोंडअळीवरचं बीटी कुर्स्टाकी हातात येतं. ते पतंगवर्गातल्या अळ्यांसाठी आहे, चिलटांच्या अळीला त्याने काहीही होत नाही. लेबलवर “इस्रायलेन्सिस” हा शब्द स्वतः वाचा. त्याची शक्ती उत्पादनागणिक बदलते, म्हणून प्रमाण लेबलवरचंच घ्या. अळीने ते खाल्लं तरच काम होतं आणि मातीत ते थोडेच दिवस टिकतं. दर पाच ते सात दिवसांनी, चार वेळा.

हायड्रोजन पेरॉक्साइड. अळ्या फार झाल्या असतील आणि रोपं कोलमडत असतील तर तातडीचा उपाय. मेडिकलमध्ये बहुधा २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्क्यांची बाटली मिळते. तिचे १०० मिली ९०० मिली पाण्यात. १० व्हॉल्यूम, म्हणजे ३ टक्क्यांची असेल तर २०० मिली ८०० मिली पाण्यात. पार्लरमधलं ४० व्हॉल्यूमचं वापरू नका. माती आधी कोरडी पडू द्या, मग द्रावण सावकाश घाला. मातीत फसफसण्याचा आवाज येतो आणि पांढरा फेस दिसतो. तेवढ्यात, ज्या अळ्यांच्या अंगाला द्रावण लागतं त्या मरतात. फेस विरला की त्याचं काम संपलं, मागे उरतं ते पाणीच. मातीतले चांगले जिवाणूही यात जातात, म्हणून आठवड्यातून एकदाच आणि जास्तीत जास्त तीनदा. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी घातलेल्या कुंडीत पेरॉक्साइड घातलं तर ट्रायकोडर्मा वाया गेला समजा.

शेतातली औषधं घरात आणू नका. कपाशीसाठी आणलेली बाटली शिल्लक आहे म्हणून थेंबभर कुंडीत घातली जाते. तुळस, पुदिना, कढीपत्ता, ओवा ही पानं रोज तोंडात जातात आणि आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात मिसळणारं, औषध पानापर्यंत चढतं. जुन्या कपाटात फोरेटचे दाणे किंवा डायक्लोरव्हॉस सापडलं तर हातही लावू नका. दोन्हींवर २०२०च्या अखेरीपासून देशात बंदी आहे.

७. वाळूचा थर, पण नीट

औषध दोनदा घालून झाल्यावर मातीवर अर्धा इंच जाडसर वाळू पसरा. कोरड्या वाळूत मादीला अंडी घालायला ओल मिळत नाही. वाळू कुंडीच्या काठापर्यंत आणि खोडाला लागून हवी. बोटभर जागा उघडी राहिली तरी चिलटं तिथूनच ये-जा करतात. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घेऊ नका. तिच्यातली भुकटी ओली झाली की पापुद्रा धरते आणि खालची माती सुकूच देत नाही. वाळू टाकल्यावर पाणी खालूनच द्या, नाहीतर वाळू मातीत मुरते. औषधाच्या दिवशी ती बाजूला सारून औषध घाला. वाळूमुळे ओल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून काडी घालून बघणं सोडू नका.

८. चिलटांना जेवू घालणं बंद करा

झाडावरच्या मायेपोटीच ही चूक होते. केळीच्या साली मातीत पुरणं, चहाचा चोथा टाकणं, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, ताक, भिजवलेली शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड. घरात, सावलीत असलेल्या कुंडीत हे सगळं आधी बुरशी धरतं आणि मग झाडाच्या कामी येतं. मधल्या दिवसांत चिलटांची चंगळ असते. चार आठवडे यातलं काहीही घालू नका. नंतरही साली आणि चोथा आधी वेगळ्या डब्यात पूर्ण कुजवा. गच्चीवर कडक उन्हात, मोठ्या ड्रममधल्या झाडाला पेंडीचं पाणी चालतं, बैठकीतल्या मनीप्लांटला नाही.

शेणखत विकत घेताना मूठभर हातात घ्या. शेणाचा वास आला, काड्या ओळखू आल्या, हाताला ऊब लागली तर ते कच्चं आहे. कुजलेलं खत काळसर, भुसभुशीत असतं आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखं वासाला येतं. पोत्याचं तोंड बांधून कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात उघडं राहिलेलं खताचं किंवा कोकोपीटचं पोतं हे अख्ख्या घरातल्या चिलटांचं मूळ असू शकतं आणि तिथे कुणी बघत नाही.

हळद, दालचिनी, कापूर, कॉफी यांच्यावर वेळ घालवू नका. धुपाने उडणारी चिलटं तात्पुरती हलतात, अळीला धूर लागत नाही. कॉफीचा चोथा तर स्वतःच बुरशी धरतो.

९. कोणत्या महिन्यात जास्त सांभाळायचं

जुलै ते सप्टेंबर हा मुख्य हंगाम. पावसाळी हवेत कुंडी वाळत नाही आणि आपण सवयीने पाणी घालत राहतो. दुसरा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा. धुळ्या-नंदुरबारकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो, झाड पाणी ओढत नाही आणि उन्हाळ्यातलं पाण्याचं वेळापत्रक तसंच चालू असतं.

एप्रिल-मे मध्ये गच्चीवरच्या कुंड्यांत चिलटं टिकत नाहीत, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वरचा थर दुपारपर्यंत भाजून निघतो. पण त्याच दिवसांत घरात कूलर असतो. बंद खोलीत दिवसभर कूलरची ओली हवा, पडदे ओढलेले, कोपऱ्यात स्नेक प्लांट. भर उन्हाळ्यात चिलटं झाली तर कूलरच्या खोलीतल्या कुंड्या आधी तपासा. त्या खिडकीकडे हलवा आणि पाणी निम्म्यावर आणा.

१०. महिन्यानंतरही जात नसतील तर

औषधाच्या सगळ्या फेऱ्या झाल्या आणि बटाट्याच्या चकतीवर अजून पाच-सहा अळ्या निघतात, तर माती बदला. झाड काढा, मुळांवरची माती हलक्या हाताने झटका, कुजलेली तपकिरी मऊ मुळं कापा, उरलेली साध्या पाण्यात धुवा. कुंडी साबणाने घासून दिवसभर उन्हात ठेवा.

नव्या मिश्रणात पोयट्याची किंवा लाल माती ४ भाग, जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा ३ भाग, पूर्ण कुजलेलं खत २ भाग, कोकोपीट १ भाग. काळी मातीच हाताशी असेल तर ती ३ भागांवर ठेवा आणि वाळू ४ करा. कोकोपीटची वीट उकळत्या पाण्यात फुगवा, झाकून गार होऊ द्या, पिळून मग मिसळा.

रोपवाटिकेच्या शेडनेटमधून आलेलं प्रत्येक रोप तीन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा, शेजारी एक पिवळा तुकडा लावा. तो स्वच्छ राहिला तरच रोप आत न्या.

काढलेली माती बागेच्या कडेला ढीग करून ठेवू नका. ऊन असेल तर ती ओलसर करून गच्चीवर चार बोटं जाड पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा विटांनी दाबा. एप्रिल-मेच्या उन्हात चार आठवड्यांत ती पुन्हा वापरण्याजोगी होते. पावसाळ्यात हे जमत नाही, तेव्हा माती जाड प्लास्टिकच्या पोत्यात भरून तोंड घट्ट बांधा आणि उन्हाळ्यापर्यंत कोरड्या जागी ठेवून द्या.